मनीच्या अंगावरच्या पिसवा

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी कितीजणींनी भोगलाय. त्या धसक्यानं शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावची माणसं घरं सोडून बाहेर राहिली. मागं राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, उंदरांवर पिसवा. माणसं परतली आणि ऑगस्ट 1994 मध्ये तिथं गाठीचा प्लेग निघाला.

प्लेगची भीती घालायला हे सांगत नाही. पण पिसू रक्तातला रोग कसा वाहते, ते यावरून कळतं. आपल्या मनीच्या अंगावरची पिसूही जंतू वाहते. जंतू निराळे, एवढंच.

त्यातला एक बार्टोनेला. तो पिसवांच्या विष्ठेत असतो. मांजर खाजवते, ती घाण नखांत बसते. मांजर बहुतेक वेळा ठणठणीतच दिसते, पण तिनं ओरखडलेल्या लेकराला काही दिवसांनी ताप येतो, काखेत अवधाण येतं. म्हणून ओरखडा लगेच साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवा. मांजरीनं ओरखडलं किंवा ती चावली, तर रक्त आलं नसलं तरी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचाच. तिथं मांजरीचं नाव जरूर सांगा.

दुसरा मायकोप्लाझ्मा. हा मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटतो. मनी खाणं सोडते, कोपरा धरते. तिचा ओठ वर करून बघा: गुलाबी हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर थांबू नका.

इथंच आपण चुकतो. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल देतो. ती गोळी मांजरीला विष आहे. गोठ्यातलं गोचिडाचं औषध चोळतो. मांजर अंग चाटते, त्यानंही दगावते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. लातूरकरणींना उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन देतात. ती गोळी कोरडी देऊ नका, घशात अडकून जखम करते. वर थोडं पाणी पाजा.

पिसवा आहेत का, हे कसं ओळखावं? मांजरीचे केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

आणि नुसतं मांजर साफ करून भागत नाही. अंडी गळून पडतात ती गोधडीत, बारदान्यात, जमिनीच्या भेगांत. मनी झोपते ती गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. भेगा लिंपा, पोत्यांखालचं झाडून केर जाळा. दोन-तीन महिने हे दर आठवड्याला करावं लागतं, कारण कोशातली पिसू आठवडेच्या आठवडे दडून राहते.