एका झाडाचं विष

  जव्हारकडच्या एका गुरुजींचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून पुढे जाणं जमेना.

त्यांचं म्हणणं असं: ‘आमच्या पाड्यावर कुणाला पान लागलं की आधी भगताकडे नेतात. तो मूळ उगाळून पाजतो, मंतरतो, रात्रभर जागवतो. बहुतेक माणसं दोन दिवसांत कामाला लागलेली मी स्वतः पाहिली आहेत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वकिलांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरवला तर तुम्ही आख्खा लेख लिहिता, आणि तीच मुळी देऊन भगत साप उतरवतो म्हटलं की एका वाक्यात निकाल लावता. हा कुठला न्याय?’

प्रश्न रोकडा आहे. गुरुजी, बहुतेक माणसं उठतात हे तुमचं निरीक्षण मला जसंच्या तसं मान्य आहे. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती. त्यांतल्या साठेक विषारी, आणि माणसं मारणारे मुख्यतः चारच: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ओढ्याकाठी डसलेलं जनावर दिवड असण्याचा संभव मोठा. घरात शिरलेला कवड्या तर अंगावरच्या पट्ट्यांमुळे भल्याभल्यांना मण्यार वाटतो. शिवाय विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. नुसते दात लागतात. डॉक्टर त्याला कोरडा दंश म्हणतात. तेव्हा भगताच्या अंगणात आणलेल्यांना मूळ पाजा नाहीतर ताक पाजा, उठणारेच जास्त. जे उठत नाहीत त्यांच्यासाठी कारणं तयार असतात: आणायला उशीर झाला, पथ्य मोडलं, वाटेत कुणाची सावली पडली.

मुळीची गोष्ट याहून वाईट. सर्पगंधेतलं रेसर्पिन रक्तदाब उतरवतं आणि ग्लानी आणतं. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, रक्तस्राव सुरू होतो, रक्तदाब आधीच ढासळत असतो. अशा माणसाला ही मुळी म्हणजे उतारावरच्या गाडीला मागून धक्का. आणि तडफड थांबून रोगी पडून राहिला की भोवतालचे म्हणतात, उतार पडला! २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले चारातले तीन मृत्यू दवाखान्याबाहेरचे.

पण यावरून आदिवासींना भाबडं ठरवणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक खाऊन पाचव्या दिवशी ‘गुण आला’ म्हणणारा पुणेकर काय वेगळं करतो? आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर कुठलंही औषध लागू पडतं. औषधाची खरी परीक्षा घेणं महाकठीण. त्यासाठी शेकडो रोगी, वह्या आणि कोरडा हिशेब लागतो. विषाचं तसं नाही. विष चाललं की नाही ते तिथल्या तिथे कळतं, आणि म्हणून रानातल्या माणसांचं विषाचं ज्ञान औषधाच्या ज्ञानापेक्षा कितीतरी पक्कं असतं, असं माझं जुनं मत आहे.

सह्याद्रीत रामेठ्याची साल किंवा गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकतात. मासे गुंगून वर आले तर आले, नाहीतर त्या रात्री कालवण नाही. इथे पथ्य मोडल्याची सबब चालत नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या शिकाऱ्यांनी ही परीक्षा टोकाला नेली. वेलींची साल उकळून, आटवून केलेलं क्युरारे ते फुंकनळीच्या बाणाला लावत. त्याची प्रतवारी माकडावरून होई, असं सांगतात. बाण लागल्यावर माकडाला एकाच झाडावर उडी घेता आली आणि ते कोसळलं, तर ते ‘एका झाडाचं’ विष. दोन झाडं गाठली तर दुय्यम. तीन गाठली तर माल हलका. बाटलीवर चिठ्ठी नाही, पण मोजमाप चोख!

१८१४ मध्ये चार्ल्स वॉटर्टन नावाच्या विक्षिप्त इंग्रज जमीनदाराने दक्षिण अमेरिकेतून आणलेलं हे विष लंडनमध्ये एका गाढविणीला टोचलं. ती आडवी पडली, श्वास थांबला. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने तास न् तास हवा भरली. गाढवीण उठली आणि पुढे पंचवीस वर्षं वॉटर्टनच्या कुरणात चरली. हे विष हृदयाला हात लावत नाही, फक्त स्नायू लुळे करतं. तेवढा वेळ कुणी श्वास चालू ठेवला तर जीव परत येतो.

आता आफ्रिकेत चला. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कॅलाबारमध्ये एफिक लोक चेटकाचा आळ आलेल्याला एका वेलीच्या बिया खायला घालत. ओकून वाचला तो निर्दोष. निर्दोष माणूस बेधडक गिळतो म्हणून त्याला उलटी होते, असं स्पष्टीकरण पुस्तकांतून देतात. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. १८५५ मध्ये एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी त्या बीचा तुकडा स्वतः चघळून पाहिला. हातपाय गळू लागले तसं त्यांनी दाढीचं साबणपाणी पिऊन उलटी काढली आणि वाचले. एफिकांच्या न्यायाने निर्दोषही ठरले. त्या बीतून १८६४ मध्ये फायसोस्टिग्मिन निघालं. १९०० मध्ये व्हिएन्नात याकोब पाल यांना दिसलं की क्युरारेने लुळी पडलेली जनावरं या द्रव्याने हालचाल करू लागतात. एका खंडातल्या विषावर दुसऱ्या खंडातल्या विषाचा उतारा!

१९३४ मध्ये ग्रीनिचच्या एका रुग्णालयातल्या मेरी वॉकर या कनिष्ठ डॉक्टरने हा धागा उचलला. मायस्थेनिया नावाच्या आजारात पापण्या मिटतात, गिळता येत नाही, अंग लुळं पडतं. हे तर क्युरारे लागल्यासारखंच दिसतं, मग क्युरारेचा उतारा का देऊ नये? दिला, आणि रोगी तेवढ्यापुरता ताजातवाना झाला. पुढच्याच वर्षी तिने फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं निओस्टिग्मिन वापरलं.

आणि इथे आपण जव्हारला परत येतो. नागाचं विष मज्जातंतूंवर क्युरारेच्याच रीतीने काम करतं. मज्जातंतूकडून निघालेला निरोप स्नायू जिथे घेतो, त्या जागा ते अडवून बसतं. निओस्टिग्मिन तो निरोप पुसणाऱ्या द्रव्याला रोखतं, निरोप साठत जातो आणि अडवणाऱ्याला बाजूला रेटतो. म्हणून नाग डसून पापण्या मिटू लागलेल्या माणसाला सर्पविषरोधक लशीच्या जोडीला निओस्टिग्मिन देतात. त्याने हृदय मंदावू नये म्हणून ॲट्रोपिनही देतात. ते युरोपात बेलाडोनातून सापडलं. आपल्या धोतऱ्यातही आहे. मुख्य औषध लसच, हे विसरू नका. पण तिच्या शेजारी ठेवलेल्या दोन छोट्या कुप्यांत तीन खंडांतली विषविद्या आहे, आणि त्यात सर्पदंशावरची म्हणून सांगितलेली मुळी एकही नाही.

मण्यारीपुढे मात्र या कुप्यांचंही फारसं चालत नाही. तिचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. निरोप निघालाच नाही तर साठणार काय? लस लवकर द्यायचीच, पण झालेली मोडतोड ती दुरुस्त करत नाही. उरतो वॉटर्टनचा भाता, म्हणजे अँब्यू बॅग, आणि पुढे व्हेंटिलेटर. टोकं नव्याने फुटेपर्यंत कधी काही दिवस श्वास बाहेरून द्यावा लागतो. तो मिळाला तर माणूस धडधाकट घरी जातो.

घात होतो तो लक्षणांमुळे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला डसते. वेदना नसल्यासारखी, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होतात. भगत चेटूक म्हणतो, आणि घाईत असलेला डॉक्टर पित्ताची गोळी देतो. म्हणून गुरुजी, भगताशी भांडू नका. त्याच्या अंगणात माणसं सगळ्यात आधी पोचतात, तेव्हा एवढंच त्याच्या गळी उतरवा: पट्टा आवळायचा नाही, चिरा द्यायच्या नाहीत, पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या दिसल्या की पहिला फोन १०८ ला. मंत्र त्याने गाडीत बसून म्हणावेत, माझी काही हरकत नाही.