खेळायला खेळणे कशाला?

सुरतच्या लिंबायतमध्ये खानदेशातून गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मागावर बारा तासांची पाळी, घर एका खोलीचे; बाप परततो तेव्हा लेकरू झोपलेले. पेरणीच्या दिवसांत आम्हा शेतकऱ्यांचेही तेच होते, आणि मूल आपल्याच बापाला बुजते.

यावर आम्ही सोपा उपाय सुचवतो. रोज पाव तास मुलासोबत जमिनीवर बसावे. चिंध्यांचा चेंडू करून एकमेकांकडे घरंगळवावा, पदराआड लपून ‘भो’ करावे, पातेले वाजवू द्यावे. मूल बोबडे बोलले की उत्तर द्यावे. त्यातूनच भाषा येते. शेंगदाणे, चिंचोके, बटणे मात्र दूर ठेवावीत, घशात अडकतात. दोन वर्षांच्या आतील मुलाला मोबाईल दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. मुलाला खेळण्यापेक्षा आपली मांडी हवी असते.