राखणदाराची अडगळ

खेड्यांतील पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. मुलांचा अभ्यास, शेताचे कागद, लग्नाची छायाचित्रे, असे सारे त्याच्या पोटात ठेवलेले असते. मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते की, डिस्कवर जागा उरली नाही. आणि घरचा कर्ता पहिला हात घालतो तो छायाचित्रांना. वाचक बंधुभगिनींनो, त्यापूर्वी जरा थांबावे. ती जागा कदाचित आपणच नेमलेल्या राखणदाराने अडविली असेल.

हा राखणदार म्हणजे अँटिव्हायरस. चोरांच्या ओळखखुणांची यादी तो जवळ बाळगतो, तपासणीची नोंद लिहितो, आणि संशयित फाइल पुष्कळदा नष्ट न करता कोंडून ठेवतो. हे सारे डिस्कवरच साठते. एरवी हा पसारा बेताचा असतो. परंतु कधी राखणदारच बिघडतो. २०२१ साली विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरचे असेच झाले. त्याच्या १.१.१८१००.५ या आवृत्तीतील दोषामुळे ‘स्कॅन्स’मधील ‘हिस्टरी’, त्यातील ‘स्टोअर’ या फोल्डरात अगदी लहान फाइली अखंड साचू लागल्या. एकेक फाइल जेमतेम एका किलोबाइटची. पण कोणाकडे त्या हजारांनी, तर कोणाकडे लाखांनी झाल्या व कित्येक गिगाबाइट जागा गिळून बसल्या. फाइली पुसाव्यात तर दोष कायम असल्याने नव्या येत. मायक्रोसॉफ्टने त्याच मे महिन्यात १.१.१८१००.६ ही आवृत्ती दिली, तेव्हा हा ओघ थांबला.

म्हणून प्रथम विंडोज व अँटिव्हायरस दोन्ही अद्ययावत करावीत. नंतर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ व ‘टेम्पररी फाइल्स’ असे क्रमाने जावे. तेथील यादीत ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस’ असे नाव दिसल्यास त्यावर खूण करून पुसण्याची आज्ञा द्यावी. अनावश्यक तेवढेच जाते, पहारा चालूच राहतो. मात्र त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते. त्यावर खूण राहिली, तर मुलाने उतरवून ठेवलेले प्रवेशपत्रही केरात जाईल!

दुसरा प्रकार अधिक आढळतो. नव्या यंत्राबरोबर एखादा अँटिव्हायरस काही दिवसांपुरता फुकट मिळतो. मुदत संपते, तरी तो घरात ठाण मांडून राहतो. त्याचे फोल्डर हाताने कधीही पुसू नये. त्याची मुळे विंडोजमध्ये खोल गेलेली असतात, आणि अर्धवट उपटल्यास यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. ‘ॲप्स’च्या यादीतून ‘अनइन्स्टॉल’ करून त्याला रीतसर निरोप द्यावा. तरीही अवशेष राहिले, तर मॅकॲफी, नॉर्टन, अवास्ट यांसारख्या कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर निर्मूलनाचे साधन विनामूल्य देतात. ते तेथूनच घ्यावे. “तुमचा संगणक साफ करून देतो” असा फोन करणाऱ्या अनोळखी माणसाकडून मुळीच नव्हे. निरोपानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून डिफेंडर पुन्हा पहाऱ्यावर आला की नाही, तेही पाहावे.

शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे व सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी झाली ते पाहावे. एवढ्यानेही भागले नाही, तर छायाचित्रांची नक्कल बाहेरच्या दोन डिस्कवर करावी, दोन्हीकडे ती उघडतात याची खात्री करावी, आणि मगच यंत्रावरील मूळ प्रत पुसावी.