कास पठारावर पाहा निसर्गाची उतरंड

सातारा शहराच्या पश्चिमेला, सुमारे १२०० मीटर उंचीवरचा हा जांभ्या दगडाचा सडा. सप्टेंबरात इथे पायवाट न सोडता, एका जागी उभे राहून एका जीवापासून भूप्रदेशापर्यंतचे टप्पे पाहता येतात.

एक जीव : वाटेकडेला वाकून दवबिंदू ही वनस्पती शोधा. पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. त्यावर बसलेला चिलटासारखा कीटक अडकतो, मग केस त्याच्यावर वळतात.

समष्टी : एकाच जातीचे, एकाच जागी वाढणारे सगळे जीव. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, तेव्हा समष्टी म्हणजे काय हे नजरेत भरते.

समुदाय : एकाच जागी राहणाऱ्या वेगवेगळ्या जाती. गेंद, सीतेची आसवे, तेरडा या वनस्पती, मधमाश्या, बेडूक. कोण कोणाला खातो, कोणत्या फुलावर कोण बसतो, याची नोंद करा.

परिसंस्था : सजीवांसोबत आता खडक, पाणी, माती मोजा. जांभ्यावर मातीचा थर पातळ, त्यात नत्र कमी. म्हणूनच दवबिंदू कीटकांतून नत्र मिळवते. सीतेची आसवे ही वनस्पतीही ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडते.

भूप्रदेश : मान वर करा. सडा, उतारावरचे जंगल, खालचा कास तलाव हे सारे सह्याद्रीचे अंग. पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानले. कास त्यांपैकी एक.

लक्षात ठेवा : फुलांत बसून फोटो काढू नका. पायाखाली दबलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला फार काळ लागतो.