विरघळणे वेगळे, गुण येणे वेगळे

२००१ साली अमेरिकेत लिस्टरीनच्या मुखशुद्धीच्या पातळ पट्ट्या बाजारात आल्या. एका बुरशीपासून मिळणाऱ्या पुलुलान या पदार्थाच्या त्या पट्टीत औषध नव्हते. पण जिभेवर ठेवताच नाहीशी होणारी वस्तू लोक आवडीने घेतात, हे औषध कंपन्यांच्या लक्षात आले. २०१० मध्ये उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनच्या अशाच पट्टीला, म्हणजे फिल्मला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. आता ड जीवनसत्त्वापासून ऑन्डान्सेट्रॉनपर्यंत अनेक औषधांच्या फिल्म आपल्याकडच्या मेडिकलमध्येही दिसतात, आणि नागपूरजवळच्या कळमेश्वरसारख्या ठिकाणी त्यांवर कामही चालते. औषध देण्याची ही रीत खरोखर उपयोगी आहे. म्हणूनच तिच्याभोवती जमलेले गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : पटकन विरघळते, म्हणजे पटकन लागू पडते

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात पक्का बसलेला समज हाच. फिल्म तीस सेकंदांत विरघळली, तरी त्या क्षणी औषध फक्त लाळेत उतरलेले असते. रक्तात पोचायला त्याला अजून वाट चालायची असते. जिभेवर ठेवायच्या बहुतेक फिल्मचे औषध लाळेबरोबर गिळले जाते, जठरातून आतड्यात जाते, तिथे शोषले जाते आणि यकृतातून पुढे सरकते. म्हणजे पुढचा प्रवास साध्या गोळीचाच. २०१० ची ऑन्डान्सेट्रॉनची फिल्म आधीपासून वापरात असलेल्या तोंडात विरघळणाऱ्या गोळीच्या तोडीची आहे, रक्तात औषधाची पातळी तिच्याएवढीच येते, हे दाखवूनच मान्य झाली. २०१८ मध्ये मान्यता मिळालेली अपस्मारावरची क्लोबाझामची फिल्मही गोळीशी अशीच समतुल्य आहे. या फिल्म गोळीपेक्षा वेगवान आहेत असा त्यांचा दावाच नव्हता.

मग तोंडातूनच थेट रक्तात जाणारे औषध नसते का? असते. जिभेखालचे आणि गालाच्या आतले अस्तर पातळ असते आणि तिथले रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते. ब्युप्रेनॉर्फिन हे याचे उत्तम उदाहरण. अफूवर्गीय व्यसनाच्या उपचारात वापरले जाणारे हे औषध गिळले तर त्याचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो. त्यामुळे त्याची फिल्म जिभेखाली किंवा गालाच्या आत ठेवतात. मात्र ती सेकंदांत विरघळत नाही, काही मिनिटे घेते. तेवढा वेळ बोलायचे नाही, खायचे-प्यायचे नाही, फिल्म चघळायची नाही आणि गिळायचीही नाही. यातली मेख समजून घ्यावी. तोंडाच्या अस्तरातून शोषण हवे असेल तर औषध तिथे टिकले पाहिजे. फिल्म जितकी चटकन विरघळेल, तितके औषध लाळेत मिसळून पोटात जाण्याची शक्यता वाढते. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि आपण ती सतत गिळत असतो.

म्हणून जिभेवर, जिभेखाली की गालात, हा प्रश्न किरकोळ नाही. जागा बदलली की औषधाचा मार्ग बदलतो.

गैरसमज : कोणतेही औषध फिल्ममध्ये बसवता येते

साधा हिशोब करून पाहा. दोन सेंटिमीटर रुंद, तीन सेंटिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर जाड अशा फिल्मचे एकूण वजन जेमतेम ७० मिलिग्रॅम भरते. त्यात फिल्म धरून ठेवणारा पदार्थ, लवचीकपणासाठी ग्लिसरिनसारखे काही, गोडी, स्वाद, लाळ सुटावी म्हणून सायट्रिक आम्ल, हे सगळे आले. उरलेल्या जागेत औषध. तेव्हा पाचशे मिलिग्रॅम पॅरासिटामॉल या वाटेने येणार नाही. फिल्म जाड आणि मोठी करत गेलो तर ती तोंडात लवकर विरघळत नाही, टाळूला चिकटते, आणि मुळातला फायदाच जातो. थोड्या मात्रेत गुण देणारी औषधे हेच या तंत्राचे खरे क्षेत्र.

इन्सुलिनची फिल्म आली की सुई सुटेल, ही आशा मधुमेहाच्या रुग्णांच्या घरांत मी ऐकली आहे, आणि ती मला समजते. पण इन्सुलिनचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा, तर तोंडाचे अस्तर सहज ओलांडणारे रेणू साधारणपणे काहीशे डाल्टनचे आणि चरबीत विरघळणारे असतात. गिळले तर पचनसंस्था इन्सुलिनचे तुकडे करते. नुसते फिल्ममध्ये घातल्याने या दोन्ही अडचणी मिटत नाहीत. त्यावर संशोधन चालू आहे, पण त्या आशेवर कोणीही इंजेक्शन बंद करू नये.

चवीचाही प्रश्न आहे. गोळी जिभेला निसटता स्पर्श करून जाते. फिल्म तिथेच विरघळते, त्यामुळे कडू औषधाचा कडूपणा पुरेपूर जाणवतो. नुसती साखर आणि पुदिना तिथे पुरत नाही. औषधाचे रेणू सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत बसवावे लागतात किंवा विशिष्ट रेझिनला बांधून ठेवावे लागतात. लहान मुलांच्या औषधात तर सगळी मेहनत इथेच लागते.

गैरसमज : बनवायला अगदी सोपी

आमरस ताटात पसरून उन्हात वाळवला की आंबापोळी होते; फिल्मची मूळ कृती तशीच. एचपीएमसी, पुलुलान किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल पाण्यात विरघळवायचे, औषध मिसळायचे, हवेचे बुडबुडे काढायचे, पातळ थर ओतायचा, वाळवायचा, कापायचा. फार्मसी कॉलेजात पेट्री डिशमध्ये असे शेकडो नमुने होत असतात आणि शिकण्यासाठी ते उत्तमच आहे. खरे काम त्यानंतर सुरू होते.

थर एका बाजूला किंचित जाड पडला की तिथल्या फिल्ममध्ये औषध जास्त, दुसरीकडच्या फिल्ममध्ये कमी. आतला बुडबुडा म्हणजे तेवढे औषध गायब. म्हणून प्रत्येक खेपेतल्या फिल्म सुट्या-सुट्या तपासून औषध ठरलेल्या मर्यादेत आहे का ते पाहावे लागते. ओलावा थोडा जास्त राहिला की फिल्म पिशवीला चिकटते, कमी राहिला की बोटांत तडकते. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली फिल्म हवेतले पाणी शोषून लिबलिबीत होते. प्रत्येक फिल्मला स्वतंत्र अॅल्युमिनियमची पिशवी असते ती यासाठी, दिखाव्यासाठी नव्हे.

चाचण्यांबाबतही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गोळ्या फुटण्याची प्रमाणित चाचणी जवळपास लिटरभर द्रवात, खालीवर हलणाऱ्या जाळीत होते. तोंडात एका वेळी असते एखादा मिलिलिटर लाळ. तेव्हा कागदावरचे सेकंद आणि रुग्णाच्या तोंडातले सेकंद एकच असतील असे धरून चालू नये. वयस्क माणसांत आणि काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते, तिथे तर फरक आणखी वाढतो. ब्युप्रेनॉर्फिनच्या फिल्मसाठी आधी घोटभर पाण्याने तोंड ओले करा, अशी सूचनाच असते. ‘पाण्याशिवाय’ हे शब्द प्रत्येकाला लागू पडत नाहीत.

गैरसमज : हवी तशी कापा, गोड आहे म्हणून निर्धोक आहे

फिल्म कात्रीने सहज कापली जाते म्हणून अर्धा डोस स्वतःहून करू नये. काप बरोबर मध्यावर पडतोच असे नाही, आणि उरलेला तुकडा उघड्या पिशवीत खराब होतो. जे दिसायला मिठाईसारखे, ते मुलांच्या हाती लागायला नको. ताकदीच्या औषधांच्या पिशव्या मुलांना सहज फाडता येणार नाहीत अशा मुद्दाम बनवतात. दातांचेही लक्षात ठेवावे. तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दात किडल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ च्या जानेवारीत इशारा दिला. औषध पूर्ण विरघळल्यावर पाणी तोंडात खळबळून गिळावे आणि दात घासायला निदान तासभर थांबावे, असे त्यात सांगितले आहे.

आता हे तंत्र कोणासाठी आहे ते पाहू. एएलएस या आजारात गिळण्याचे स्नायू दुबळे होत जातात. त्यावरच्या रिलुझोलची फिल्म २०१९ मध्ये मान्य झाली. अपस्माराची मुले गोळी थुंकून टाकतात. अर्धांगवायूनंतर गोळी घशात अडकते, आणि घरोघरी ती कुटून दह्यात कालवली जाते. हळूहळू सुटणारी गोळी अशी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. अशा घरांसाठी फिल्म मोलाची आहे. ती वेगवान आहे म्हणून नव्हे, तर ठरलेला डोस पूर्ण पोचवते म्हणून.

तुमच्या घरात कोणाला गोळी गिळता येत नसेल, तर ती कुटण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा आणि त्याच औषधाची फिल्म, विरघळणारी गोळी किंवा पातळ औषध मिळते का विचारा. फिल्म मिळाली, तर ती जिभेवर ठेवायची, जिभेखाली की गालात, हे फार्मासिस्टकडून समजून घेतल्याशिवाय पिशवी फाडू नका.