त्रिनिदादचे पाहुणे

तिसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसच्या जहाजावरून ३१ जुलै १४९८ रोजी एका खलाशाला दूरवर तीन शिखरं दिसली. कोलंबसने ख्रिस्ती त्रैक्यावरून त्या बेटाचं नाव त्रिनिदाद ठेवलं. पुढे चोवीस जणांची एक होडी जहाजाकडे येताना दिसली. ती जवळ यावी म्हणून त्याने आधी चकचकीत भांडी दाखवून पाहिली, मग डफ वाजवायला लावला आणि काही पोरांना जहाजाच्या मागच्या भागावर नाचायला सांगितलं. होडीतल्यांनी वल्ही टाकली, धनुष्यं उचलली आणि बाण सोडायला सुरुवात केली. ही हकिकत कोलंबसनेच आपल्या राजा-राणीला लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. नाचगाणं म्हणजे स्वागत, हे त्याने धरून चाललं होतं. समोरच्यांनी बहुधा ती लढाईची हाक मानली.

वेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ टेकलेलं हे बेट आकाराने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं लहानच. पण त्याच्याविषयी बाहेरून आलेल्यांनी जेवढं लिहिलं, तेवढं फार थोड्या बेटांच्या वाट्याला आलं असेल. ही वर्णनं ओळीने वाचली की दिसतं, बहुतेकांनी निष्कर्ष घरूनच बांधून आणला होता. तरीही ज्यांनी एखादी वस्तू नीट न्याहाळली, एखाद्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं, त्यांचं लिखाण आजही कामाचं आहे. आणि बेटावरची माणसं काही गप्प बसून राहिली नाहीत. त्यांनी पाहुण्यांना वेळोवेळी उत्तरं दिली. त्या उत्तरांशिवाय हा मागोवा पुरा होत नाही.

१५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले आला तो सोन्याच्या नगरीच्या, एल डोराडोच्या शोधात. त्याने स्पॅनिश गव्हर्नर बेरिओला कैद केलं आणि सान होसे हे गाव जाळलं. सोनं काही मिळालं नाही, पण नैऋत्य किनाऱ्यावरच्या डांबराने त्याने आपली जहाजं डागडुजी करून घेतली आणि लिहून ठेवलं, की हे डांबर उत्तम आहे, नॉर्वेच्या डांबरासारखं उन्हाने पातळ होत नाही. खारफुटीच्या फांद्यांना लगडलेल्या कालवांचीही त्याने नोंद केली. एल डोराडो कल्पनेतच राहिलं. डांबर आणि कालवं मात्र त्याने स्वतः पाहिली होती, म्हणून त्याचं हे वर्णन अजून खरं ठरतं.

ते डांबर आजही ला ब्रेया गावाजवळ आहे. सुमारे शंभर एकरांवर पसरलेलं हे तळं मध्यभागी ७५ मीटरच्या आसपास खोल असल्याचं सांगतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हिरमोड होतो, कारण लांबून ते जुन्या वाहनतळासारखं दिसतं. जवळ गेल्यावर ते बदलतं. पृष्ठभागाला हत्तीच्या कातडीसारख्या घड्या पडलेल्या असतात, घड्यांच्या मध्ये पावसाचं पाणी साचून लहान डबकी होतात, त्यांत गवत आणि कमळं उगवतात, अधूनमधून वायूचे बुडबुडे फुटतात. एका जागी उभं राहिलं की पायाखालचा भाग सावकाश दबू लागतो. म्हणून स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. कुठे पाय टाकावा हे त्याला कळतं. १८७६ मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर याच तळ्याचं डांबर पसरलं गेलं. जगातल्या कित्येक शहरांचे रस्ते या बेटाला पायाखाली घेऊन उभे आहेत आणि त्यांवरून चालणाऱ्यांना बेटाचं नावही ठाऊक नसतं.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्यातून सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर उतरले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात कमी पडत होते, म्हणून कराराने बांधून माणसं आणायची ही व्यवस्था. १९१७ पर्यंत अशी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं आली. बरीचशी आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, काही मद्रासकडची. त्यांनी प्रवासवर्णनं लिहिली नाहीत. त्यांच्याविषयी लिहिलं ते दुसऱ्यांनी.

अशांपैकी एक चार्ल्स किंग्जली. हा इंग्रज पाद्री आणि कादंबरीकार १८६९ च्या डिसेंबरात गव्हर्नरचा पाहुणा म्हणून आला. १८७१ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात इथल्या जंगलांचं वर्णन झाडागणिक, वेलीगणिक येतं. वनस्पती पाहायला त्याच्याकडे डोळा होता, धीर होता. माणसांकडे वळला की मात्र तो घाईने गुण-दोष वाटतो: हिंदुस्थानी मजुरांची वाखाणणी, आफ्रिकी वंशाच्या लोकांना नावं. मळ्यांच्या मालकांना ही विभागणी सोयीचीच होती आणि पुढे दोन्ही समाजांना तिची किंमत मोजावी लागली.

फ्राउड त्याच्याही पुढे गेला. जेम्स अँथनी फ्राउड हा नावाजलेला इतिहासकार १८८७ मध्ये वेस्ट इंडीजमधून फिरून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं. कृष्णवर्णीय लोक स्वतःचं राज्य चालवायला लायक नाहीत, हे त्याचं सांगणं. गव्हर्नरांच्या आणि मळेवाल्यांच्या पंगतीला बसून त्याने हे मत पक्कं केलं होतं. त्याला उत्तर दिलं त्रिनिदादच्याच एका शाळामास्तराने. जॉन जेकब थॉमस यांनी वीस वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, बेटावरच्या क्रिओल भाषेचं व्याकरण लिहून काढलं होतं. अडाण्यांची म्हणून हिणवल्या गेलेल्या बोलीलाही नियम असतात, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. १८८९ मध्ये ‘फ्राउडॅसिटी’ या पुस्तकात त्यांनी फ्राउडची विधानं एकामागून एक घेतली आणि चूक कुठे आहे ते दाखवलं. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. फ्राउडच्या हाताशी मोठं नाव आणि मोठा वाचकवर्ग होता. थॉमस यांच्याकडे बेटाची माहिती होती. आज फ्राउडचं पुस्तक पूर्वग्रहाचा नमुना म्हणून वाचलं जातं, थॉमस यांचं मात्र कॅरिबियन विचाराची सुरुवात म्हणून.

मळ्यांवरच्या करारपद्धतीविरुद्ध इकडे आवाज उठवणाऱ्यांत गोपाळ कृष्ण गोखले आघाडीवर होते. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्यानंतर सरकारने जेम्स मॅकनील आणि लाला चिम्मन लाल या दोघांना त्रिनिदादसह निरनिराळ्या वसाहतींची पाहणी करायला पाठवलं. सरकारी पाहुण्यांनी आकडे जमवले, तक्रारी नोंदवल्या आणि एकूण व्यवस्था सुधारून चालू ठेवता येईल असा कल दिला. गोखल्यांनी त्रिनिदाद पाहिलं नव्हतं. पण करारात माणूस अडकतो तेव्हा काय होतं, हे त्यांना तिथे जाऊन आलेल्यांपेक्षा स्पष्ट दिसलं. १९१५ मध्ये ते गेले. दोन वर्षांनी ही भरती थांबली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे तळ बेटावर पडले. एका अमेरिकी विनोदी नटाने इथे ऐकलेलं एक कॅलिप्सो गाणं मायदेशी नेलं आणि १९४५ मध्ये अँड्र्यूज सिस्टर्सच्या आवाजात ‘रम अँड कोका-कोला’ घरोघरी वाजलं. शब्द होते लॉर्ड इन्व्हेडर या त्रिनिदादी गायकाचे, चाल लायोनेल बेलास्को यांच्या जुन्या रचनेची. दोन्ही हक्कांसाठी न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावे लागले आणि निकाल त्रिनिदादच्या बाजूने गेले. त्याच काळात पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतली पोरं तेलाची रिकामी पिंपं ठोकून, तापवून त्यांतून सूर काढत होती. हेच स्टीलपॅन. १९५१ मध्ये त्यांचं पथक लंडनला ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये वाजवून आलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला.

स्टीलपॅन लंडनला वाजलं त्याच सुमाराला बेटावर एक मुंबईकर पाहुणा उतरला. १९५३ मध्ये विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ पहिल्यांदा वेस्ट इंडीजला गेला. सुभाष गुप्ते यांनी त्या मालिकेत २७ बळी घेतले, पैकी सात पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत, एकाच डावात. मुंबईच्या मैदानांवर घडलेली ती लेगस्पिन तिथल्या लोकांना वेड लावून गेली. याच दौऱ्यात त्यांची भावी पत्नी त्यांना भेटली आणि पुढे गुप्ते त्रिनिदादलाच स्थायिक झाले. २००२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांनी बेटावर पुस्तक लिहिलं नाही. पण या सगळ्या पाहुण्यांत त्यांचं स्थान मला फार वरचं वाटतं. पाहून परतणारे पुष्कळ होते, ते तिथले होऊन राहिले.

१९६० मध्ये आलेला पाहुणा बेटाचाच मुलगा होता. १९३२ मध्ये चागुआनास इथे जन्मलेले व्ही. एस. नायपॉल सरकारी मदतीवर कॅरिबियन फिरले आणि १९६२ मध्ये ‘द मिडल पॅसेज’ आलं, नेमकं त्रिनिदाद स्वतंत्र झालं त्याच वर्षी. इथे काहीच घडवलं गेलं नाही, असा त्यांचा निवाडा बेटाच्या फार जिव्हारी लागला. तो अन्यायाचा होता, हे स्टीलपॅनचे सूर ऐकणारा कुणीही सांगेल. पण आदल्याच वर्षी त्यांनी ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ दिलं होतं. तिथे वडिलांची धडपड, एकत्र कुटुंबातली घुसमट, स्वतःच्या घराची आस हे सगळं ते जवळून, मायेने सांगतात. प्रवासी नायपॉल निकाल देत होते, कादंबरीकार नायपॉल ऐकत होते. बेटाने दोघांनाही आपलं मानलं, हे बेटाचं मोठेपण.

१९७१ चा मार्च महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या, आणि सुनील गावसकर नावाच्या नवख्या मुलाने ६५ आणि नाबाद ६७. मालिका संपताना त्याच मैदानावर १२४ आणि २२०. लॉर्ड रिलेटर या त्रिनिदादी गायकाने गावसकरवर कॅलिप्सो रचलं, तेही आपल्या गोलंदाजांना तो बाद कसा होत नाही, याच विषयावर. हरलेल्या घराने जिंकलेल्या पाहुण्याचं गाणं करावं, असं क्रिकेटमध्ये फार वेळा घडलेलं नाही. पाच वर्षांनी याच ओव्हलवर भारताने चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं. मुंबईच्या कित्येक घरांना त्रिनिदाद ठाऊक झालं ते रेडिओवरून, या मैदानापुरतं.

आज भारतातून जाणारा पर्यटक हे सगळं घेऊन जातो आणि त्यात आणखी एक अपेक्षा मिसळतो: तिकडे ‘छोटा भारत’ सापडेल. घराघरांच्या अंगणात बांबूवर फडकणाऱ्या झेंड्या दिसतात, दिवाळीला सरकारी सुट्टी असते, वाकवलेल्या बांबूंवर पणत्यांच्या रांगा लागतात. मग तिथल्यांना हिंदी बोलता येत नाही म्हणून पर्यटक हळहळतो. ही हळहळ अस्थानी आहे. भारतीय वंशाचे लोक तिथे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक, आफ्रिकी वंशाचे जवळजवळ तेवढेच. दोघे मिळून जे घडवत आले ते भारताची नक्कल नाही. सेंट जेम्समधल्या ‘होसे’त मोहरमचे ताबूत सगळ्या धर्मांचे हात लागून उभे राहतात. चटणी संगीतात भोजपुरी लग्नगीतं आणि सोका हे तिथलं नाचाचं संगीत एकाच ठेक्यात चालतात.

रस्त्यावरचं ‘डबल्स’ याचंच उदाहरण. हळद घातलेल्या मैद्याच्या मऊ पिठाची, हातावर थापून तळलेली दोन ‘बारा’, त्यांवर छोल्यांची पातळसर भाजी, वर काकडी, चिंचेची चटणी, कैरीचा ‘कुचेला’ आणि शॅडो बेनी या उग्र वासाच्या पानांची चटणी. विक्रेता फक्त एवढंच विचारतो, तिखट किती? ‘स्लाइट’ म्हणालात तरी डोळ्यांत पाणी येतं. कागदाला दोन पीळ देऊन पुडी हातात पडते. उभ्याउभ्या, पुढे वाकून खायची. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये सुरू झालेला हा पदार्थ छोले-भटूऱ्यांचा नातलग असेल, पण तो भारतात कुठे मिळत नाही. तो त्रिनिदादचा आहे आणि सगळे त्रिनिदादी तो सकाळी रांगेत उभं राहून खातात.

वॉटर्लू गावी समुद्रात एक देऊळ आहे. करारमजुरांच्या कुटुंबातल्या सेवदास साधू यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली, देऊळ पाडलं गेलं, साधूंना तुरुंगवास झाला. जमिनीवर जागा नसेल तर समुद्रावर कुणाची मालकी नाही, असं म्हणून त्यांनी सायकलवरून आणि बादल्यांतून दगड-माती वाहिली आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात भराव घालत राहिले, १९७० मध्ये निधन होईपर्यंत. १९९५ मध्ये, पहिल्या जहाजाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, ते पुन्हा नीट बांधलं गेलं. भारतीय पाहुणे इथे भक्तीचं कौतुक करतात, ते योग्यच. पण हे देऊळ हक्काचीही गोष्ट सांगतं. पाहुणा म्हणून आणलेल्या माणसाने हे माझं घर आहे असं ठणकावून सांगितलं, ती ही जागा.

मराठीत त्रिनिदादविषयी लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते क्रिकेटच्या मैदानाबाहेर पडून लिहिलं जावं. जाणाऱ्याने आधी थॉमस वाचावेत, सॅम सेल्व्हन आणि अर्ल लव्हलेस हे तिथले कादंबरीकार वाचावेत, क्रिकेटवरच प्रेम असेल तर सी. एल. आर. जेम्स यांचं ‘बियाँड अ बाउंड्री’ वाचावं. मग जाऊन कार्निव्हलच्या दोन दिवसांपेक्षा जास्त राहावं, पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलपॅन पथकाच्या अंगणात, रात्रीची तालीम उभं राहून ऐकावी आणि परतल्यावर आपल्याला काय वाटलं याच्याआधी तिथल्या माणसाने काय सांगितलं ते लिहावं. सव्वापाचशे वर्षं पाहुण्यांच्या चष्म्यातून दिसत आलेल्या बेटाला आपण एवढं देणं लागतो.