लहान सॉलिड स्टेट ड्राइव्हचे विभाजन : कॅशे आणि आभासी स्मृती

लहान सॉलिड स्टेट ड्राइव्हचे विभाजन म्हणजे कमी क्षमतेच्या सॉलिड स्टेट ड्राइव्हचे, अर्थात एसएसडीचे, दोन किंवा अधिक विभाग करून त्यांपैकी एक हार्ड डिस्कच्या कॅशेसाठी व दुसरा आभासी स्मृतीसाठी राखून ठेवण्याची पद्धत होय. मोठी हार्ड डिस्क व मर्यादित रॅम असलेल्या जुन्या संगणकाचा वेग कमी खर्चात वाढवणे हा या पद्धतीचा हेतू असतो. दोन्ही विभाग एकाच ड्राइव्हवर असले तरी त्यांतील माहितीचे स्वरूप भिन्न असते आणि विभाजनाचे बहुतेक नियम या भेदातूनच निघतात.

पार्श्वभूमी

मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी असलेली नोंद वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात; शिवाय वाचनशीर्ष योग्य जागी सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद जातात. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी वाचताना अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच नोंदी देऊ शकते. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. रॅम मात्र एसएसडीहूनही कित्येक पटींनी वेगवान असते.

आभासी स्मृतीचा पहिला महत्त्वाचा प्रयोग इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात झाला. १९६२ साली कार्यान्वित झालेल्या या संगणकात लहान पण वेगवान चुंबकीय स्मृती आणि मोठा पण संथ चुंबकीय ड्रम यांचा वापर आज्ञावलीला एकच सलग स्मृती भासावी अशा रीतीने केला होता. कॅशेची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. या दोन्ही कल्पना एसएसडीच्या कितीतरी आधीच्या आहेत.

दोन उपयोगांतील भेद

हा भेद ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. नाशिकच्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची कल्पना करावी. वाचकाचे मेज म्हणजे रॅम आणि ग्रंथभांडार म्हणजे हार्ड डिस्क. वारंवार मागितल्या जाणाऱ्या ग्रंथांच्या प्रती देवघेवीच्या खिडकीजवळ एका कपाटात ठेवल्या, तर ते कपाट म्हणजे कॅशे. मेजावर जागा अपुरी पडल्यामुळे वाचकाने आपली अर्धवट लिहिलेली टिपणे शेजारच्या फळीवर ठेवली, तर ती फळी म्हणजे आभासी स्मृतीचा विभाग, ज्याला स्वॅप म्हणतात.

कपाटातील प्रती नष्ट झाल्या तरी मूळ ग्रंथ भांडारात असतात. फळीवरील टिपणांची मात्र दुसरी प्रत कोठेही नसते. त्याचप्रमाणे, केवळ वाचनासाठी असलेला कॅशे नाहीसा झाल्यास संगणक फक्त मंदावतो. परंतु स्वॅपमधील पृष्ठे वाचता न आल्यास चालू असलेल्या आज्ञावली बंद पडतात व जतन न केलेले काम जाते.

कॅशेचे प्रकार

थेट लेखनाच्या म्हणजे राइट-थ्रू पद्धतीत प्रत्येक नवी नोंद हार्ड डिस्कवर पोहोचल्यानंतरच लेखन पूर्ण झाले असे मानले जाते. विलंबित लेखनाच्या म्हणजे राइट-बॅक पद्धतीत नोंद आधी एसएसडीवर होते व सवडीने हार्ड डिस्कवर जाते. दुसरी पद्धत अधिक वेगवान असली तरी तीत काही काळ एसएसडीवरील नोंद हीच एकमेव प्रत असते. त्या अवधीत एसएसडी निकामी झाल्यास हार्ड डिस्कवरील फाइलव्यवस्था अपुरी राहून मोठे नुकसान होऊ शकते. अनेक स्वस्त एसएसडींमध्ये वीज अचानक गेल्यास हातातील लेखन पूर्ण करण्याइतकी ऊर्जा साठवणारी सोय नसते. भारनियमन किंवा वादळी पावसामुळे वीज वारंवार खंडित होत असेल आणि यूपीएस नसेल, तर राइट-थ्रू पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

इंटेलने २०११ साली झेड६८ चिपसेटबरोबर स्मार्ट रिस्पॉन्स टेक्नॉलॉजी आणली. तीत कॅशेसाठी कमाल ६४ जीबी जागा देता येत असे व एसएसडीची उरलेली जागा स्वतंत्र विभाग म्हणून वापरता येत असे. लिनक्समध्ये डीएम-कॅशे व बीकॅशे या सुविधा २०१३ साली समाविष्ट झाल्या.

विभागांचे आकारमान

समजा, संगणकात ८ जीबी रॅम व ६४ जीबी एसएसडी आहे. अशा वेळी ८ ते १० जीबी स्वॅपसाठी, सुमारे ४६ जीबी कॅशेसाठी आणि उरलेली ८ ते १० जीबी जागा कोणताही विभाग न करता मोकळी ठेवता येते. लिनक्समध्ये रॅममधील स्थिती जतन करून संगणक पूर्ण बंद करण्याची म्हणजे हायबरनेशनची सोय हवी असल्यास स्वॅप विभाग रॅमइतका किंवा किंचित मोठा ठेवणे इष्ट असते. विंडोजमध्ये स्वॅपसाठी खास प्रकारचा विभाग लागत नाही. साध्या विभागावर पेजफाइल ठेवली जाते.

विभाजनापूर्वी एसएसडीवरील माहितीची प्रत अन्यत्र काढून ठेवणे आवश्यक असते. बीकॅशेसाठी हार्ड डिस्कचा विभागही सामान्यतः नव्याने सिद्ध करावा लागत असल्याने तेथील माहितीचीही प्रत हवी. स्वॅपमध्ये पासवर्ड किंवा खाजगी मजकुराचे अंश उरू शकतात. म्हणून तो विभाग कूटबद्ध करणे आणि ड्राइव्ह विकण्यापूर्वी पूर्णपणे पुसणे हितावह असते.

झीज

एसएसडीतील फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक खंड ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. कॅशे व स्वॅप या दोन्हींत लेखन सतत होत असते आणि ड्राइव्ह लहान असल्याने तोच भार थोड्या खंडांवर पडतो. मोकळी ठेवलेली जागा ही झीज विभागण्यास नियंत्रकाला उपयोगी पडते. ड्राइव्हची लेखनमर्यादा ४० टेराबाइट असून रोज २० जीबी लेखन होत असेल, तर ती मर्यादा २,००० दिवसांत, म्हणजे सुमारे साडेपाच वर्षांत गाठली जाते. रोजचे लेखन दुप्पट झाल्यास हा काळ निम्मा होतो.

मर्यादा

स्वॅप एसएसडीवर असला तरी तो रॅमची जागा घेऊ शकत नाही. गरजेची पृष्ठे सतत आत-बाहेर होऊ लागली की संगणकाचा बहुतेक वेळ त्याच कामात जातो. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. अशा वेळी रॅम वाढवणे हाच खरा उपाय असतो. कॅशेचा लाभही त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा वाचल्या जात असतील तरच होतो; एकदाच पाहिल्या जाणाऱ्या मोठ्या चित्रफितींना त्याचा उपयोग नाही. तसेच दोन्ही विभाग एकाच ड्राइव्हवर असल्याने रॅम अपुरी पडताच स्वॅपची वर्दळ कॅशेलाही मंदावते. संचालन प्रणाली व नेहमीच्या आज्ञावली मावतील एवढी मोठी एसएसडी उपलब्ध असल्यास त्या थेट तिच्यावर ठेवणे अधिक सोपे असते. तेथे कॅशेची गरज बहुधा उरत नाही.